पुलाकडे जायच्या आधी ऑफिसात जा : थायलंडमधल्या वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात थायलंडला कामानिमित्त गेलेल्या मराठी कुटुंबांबद्दल थोडं लिहिलं होतं, त्यावर इतकी पत्रं आली की यावेळचं अख्खं सदर त्यांनाच द्यायचं ठरवलं. गंमत म्हणजे बहुतेक पत्रं बँकॉकची नाहीतच, नोंग खाय, मुकदाहान, चिआंग राय अशी सीमेकडची गावं आहेत सगळी, आणि प्रश्नही फिरून फिरून एकाच दाराशी येतात, ते म्हणजे प्रांताचं इमिग्रेशन ऑफिस. थाई लोक त्याला नुसतं 'तॉ मॉ' म्हणतात. मी ईसान भागात, म्हणजे ईशान्य थायलंडमध्ये, बरीच वर्षं काढलीत, स्वतःची कामं केलीत, नव्याने आलेल्यांबरोबर सोबत म्हणून गेलेय, त्यामुळे जे लिहितेय ते काउंटरसमोर बसून बघितलेलं आहे.

उत्तरांआधी एकच सांगते, सगळ्यांनी आत्ता पासपोर्ट उघडा आणि शेवटचा एन्ट्रीचा किंवा एक्सटेन्शनचा स्टॅम्प शोधा. त्यावर 'या तारखेपर्यंत राहायची परवानगी' असं लिहिलेलं असतं. तुमच्या व्हिसावर काहीही छापलेलं असू दे, थायलंडमध्ये तुमची तारीख ती. खालची निम्मी पत्रं ती तारीख न बघितल्यामुळेच लिहावी लागलीत.

प्रश्न : ताई, मी नोंग खायच्या एका शाळेत गणित शिकवते. नॉन-बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा आहे आणि एक वर्षाचं एक्सटेन्शन झालंय. आई-बाबा साताऱ्याहून यायचेत, त्यांना पूल ओलांडून एक दिवस लाओसमधलं व्हिएंतियान दाखवायचंय, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. शाळेतल्या मैत्रिणी म्हणतात काही लागत नाही, आम्ही नेहमी जातो. खरंय का?

अगं, मैत्रिणी थाई आहेत ना, त्यांचं वेगळं आहे. त्यांना सीमेपलीकडे जायला बॉर्डर पास मिळतो, त्या दुपारी पलीकडे खरेदी करून रात्री जेवायला घरी येतात. तुझं तसं नाही. तुझं ते एक वर्षाचं एक्सटेन्शन तू थायलंडमध्ये आहेस तोवरच चालतं, री-एन्ट्री परमिट, म्हणजे बाहेर जाऊन परत यायची आधीच काढलेली परवानगी, न घेता पुलावर एक्झिटचा स्टॅम्प पडला की ते तिथल्या तिथे संपलं, मग तू पलीकडे दोन तास थांब नाहीतर दोन महिने. परत येताना तुला फार तर टुरिस्ट म्हणून आत घेतील आणि टुरिस्ट म्हणून आलेल्या माणसाला शाळेत शिकवता येत नाही, म्हणजे व्हिसा, एक्सटेन्शन, शाळेचे कागद सगळं पहिल्यापासून. एका दिवसाच्या सहलीपायी मधल्या टर्ममध्ये नोकरी अडकलेल्या शिक्षिका मी बघितल्यात आणि त्यांना कुणीही आधी सांगितलेलं नव्हतं, पुलावरचा ऑफिसरही सांगत नाही, त्याचं काम स्टॅम्प मारायचं, तो मारतो.

तर सहलीच्या आधी कामाच्या दिवशी ऑफिसात जा, टीएम ८ फॉर्म भर, फोटो, पासपोर्ट आणि त्याच्या झेरॉक्स ने. एकदाच जायचं असेल तर १,००० बाट, कितीही वेळा जायचं असेल तर ३,८०० बाट. आई-बाबा दोन-तीन महिने राहणार असतील, मध्ये तुला भारतातही जायचं असेल तर हिशोब कर, चार फेऱ्या झाल्या की मल्टिपल स्वस्त पडतं. हे काम बहुतेक वेळा त्याच दिवशी होतं. परमिट पुलावर मिळेल असं धरून चालू नकोस, सकाळी सात वाजता आई-बाबांना घेऊन तिथे उभी राहशील आणि परत फिरावं लागेल.

परत येतानाची गोष्ट याहून महत्त्वाची. १ मे २०२५ पासून थायलंडमध्ये शिरताना प्रत्येक परदेशी माणसाला ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरावं लागतं, टीडीएसी म्हणतात त्याला, येण्याच्या आधीच्या ३ दिवसांत भरायचं. तुम्ही सकाळी जाऊन संध्याकाळी येणार असलात तरी परत येतानाचं कार्ड तिघांचंही नवीन लागणार, आदल्या रात्री घरी बसूनच भरून ठेव. ते फुकट असतं, पैसे मागणारी साइट दिसली की ती सरकारी नाही. मग खिडकीवर पासपोर्ट देताना री-एन्ट्री परमिटचं पान उघडूनच दे, आणि पासपोर्ट हातात आला की तिथंच उभं राहून नव्या स्टॅम्पवरची तारीख वाच. ती तुझ्या एक्सटेन्शनच्या शेवटच्या तारखेशी जुळली पाहिजे. गर्दीत ऑफिसर कधीकधी परमिट न बघता टुरिस्टवाला स्टॅम्प मारून टाकतो, खिडकीवर असताना सांगितलं तर लगेच दुरुस्त होतं, घरी जाऊन कळलं तर मोठी यातायात. मागचे लोक ढकलतील, ढकलू देत. आणि ९० दिवसांच्या रिपोर्टचं, म्हणजे मी अजून याच पत्त्यावर राहते हे ऑफिसला कळवायचं असतं त्याचं, मोजणं त्या दिवसापासून पुन्हा एकपासून सुरू होतं, ते कॅलेंडरवर लिहून ठेव.

आई-बाबांचं सोपं आहे पण त्यांचीही परतीची एन्ट्री नवीनच धरली जाते, म्हणून भारताच्या परतीच्या तिकिटाची प्रिंट आणि तुझा पत्ता त्यांच्याजवळ असू दे. लाओसचा व्हिसा भारतीयांना पुलावर ऑन अरायव्हल मिळतो, त्याचा स्टिकर पासपोर्टचं पूर्ण एक पान खातो, तेव्हा रिकामी पानं मोजून घे, बाबांचा पासपोर्ट जुना असेल तर खासकरून. फोटो आणि डॉलरच्या न फाटलेल्या, न मळलेल्या नोटा जवळ ठेव. पूल चालत ओलांडू देत नाहीत, दोन्ही बाजूंमध्ये बस असते. हा पहिला थाई-लाओ मैत्री पूल, ऑस्ट्रेलियाच्या पैशातून बांधला आणि एप्रिल १९९४ मध्ये खुला झाला, मेकाँगवर साधारण १,१७० मीटर लांब. बाबांना सांग, थायलंडमध्ये गाड्या आपल्यासारख्या डावीकडून आणि लाओसमध्ये उजवीकडून, बाजू कुठे बदलते ते बसमधून बघायला त्यांना नक्की आवडेल.

आणि हो, ते तुझ्याकडे राहायला आले की घरमालकाने २४ तासांत टीएम ३० ची, म्हणजे घरात परदेशी माणूस राहायला आल्याची, नोंद करायची असते, कायद्याने जबाबदारी मालकाची आहे पण मालक विसरला तर खोळंबा तुझा होतो, म्हणून आल्या दिवशीच आठवण कर.

प्रश्न : मी मुकदाहानला एका कंपनीत इंजिनियर म्हणून लागलोय. पहिलं एक्सटेन्शन करायचंय. कंपनीची एचआर मुलगी कागद देते पण सोबत येणार नाही. मला थाई येत नाही. ऑफिसात नेमकं काय होतं, काय न्यायचं?

दादा, घाबरू नका, प्रांताचं ऑफिस बँकॉकच्या चेंग वत्थना भागातल्या ऑफिसासारखं अजस्र नसतं. चार-पाच काउंटर, प्लास्टिकच्या खुर्च्या, राजाचा फोटो आणि एसी. वेळ सकाळी ८.३० ते ४.३०, मध्ये १२ ते १ जेवणाची सुट्टी, आणि ती ते पाळतात, पावणेबाराला तुमचा नंबर आला नसेल तर बाहेर जाऊन जेवून या. शनिवार-रविवार बंद. थाई सुट्ट्यांचं कॅलेंडर फोनमध्ये टाकून ठेवा कारण आपल्याला त्या सवयीच्या नाहीत, सोंगक्रानचे १३ ते १५ एप्रिल तर अख्खा देश बंद असतो, आणि लांब सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी ऑफिसात पाय ठेवायला जागा नसते.

एक्सटेन्शनचा फॉर्म टीएम ७, फी १,९०० बाट, रोख न्या. फोटो ४ बाय ६ सेंटीमीटर, आपला भारतातला पासपोर्ट साइज त्या मापाचा नसतो, तो नेऊ नका. मूळ पासपोर्ट, वर्क परमिट, कंपनीचं पत्र, करार आणि कंपनीचे जे काही नोंदणीचे, टॅक्सचे कागद एचआर देईल ते. राहत्या घराचा पुरावा, घरमालकाच्या निळ्या 'थाबियान बान', म्हणजे घराच्या नोंदणीच्या, पुस्तकाची कॉपी, टीएम ३० ची पावती. काही ऑफिसं घराचा हाताने काढलेला नकाशा मागतात, देऊळ कुठे, सेव्हन-इलेव्हन कुठे, तिथून कितवी गल्ली, तो आदल्या रात्रीच काढून ठेवा.

आता झेरॉक्स. इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात म्हणून जरा सविस्तर सांगते. पासपोर्टचं पहिलं पान, व्हिसाचं पान, शेवटच्या एन्ट्रीचं पान, आधीचं एक्सटेन्शन असेल तर ते, प्रत्येकाची कॉपी आणि प्रत्येक कॉपीवर तुमची सही. सही नसलेला कागद ते घेत नाहीत, रागावत नाहीत, नुसता गठ्ठा परत सरकवतात. जवळजवळ प्रत्येक तॉ मॉ ऑफिससमोर एक झेरॉक्सचं दुकान असतं आणि त्या दुकानातल्या बाईंना ऑफिसरपेक्षा जास्त माहिती असते. तुम्ही नुसता पासपोर्ट पुढे केला आणि 'एक्सटेन्शन' म्हणालात की त्या पानं उलटून हवी तेवढीच उघडतात, कॉप्या काढतात, मग एकेक कागद तुमच्यासमोर ठेवून खालच्या कोपऱ्यात बोट ठेवतात, तुम्ही सही करायची, की पुढचा कागद. पेन निळं. एक शब्द न बोलता सगळं होतं. मी नव्या माणसाला नेहमी सांगते, आधी त्या दुकानात जा आणि मग ऑफिसात.

आत गेल्यावर टोकन घ्या. नंबर आला की बसायच्या आधी हलका नमस्कार, 'सवात्दी ख्राप' म्हणा, पासपोर्ट आणि गठ्ठा दोन्ही हातांनी द्या. ऑफिसर पहिलं काम काय करतो तर पासपोर्टात शेवटचा स्टॅम्प शोधतो आणि तारखेवर बोट ठेवून मग फॉर्म बघतो. काहीतरी कमी निघेल हे गृहीत धरा. ते काय कमी आहे हे कागदावर लिहून मागा, थाईत लिहिलं तरी चालेल, एचआरला फोटो पाठवा. तिथे आवाज चढवून काहीही होत नाही, उलट जे होणार असतं तेही राहतं, हे मी अनुभवाने सांगते. शॉर्ट पँट, बनियन, चपला घालून जाऊ नका, दारावर बोर्डच असतो.

तारखा वाचताना सांभाळा, थाई कागदांवर बौद्ध साल असतं, ५४३ वजा करा, म्हणजे २५६९ म्हणजे आपलं २०२६. स्टॅम्पवर मात्र आपलंच साल असतं.

एक वर्ष लगेच मिळेलच असं नाही, काही ठिकाणी आधी 'विचाराधीन' असा स्टॅम्प मारून काही दिवसांनी परत बोलावतात, तो नकार नाहीये, दिलेल्या तारखेला जा की बाकीचं मिळतं. म्हणून मुदत संपायच्या साधारण महिनाभर आधीच जा. लवकर गेलात म्हणून दिवस वाया जात नाहीत, नवं वर्ष जुन्या तारखेच्या पुढे मोजतात. आणि जिथे राहता त्या प्रांताच्याच ऑफिसात जायचं, दुसऱ्या प्रांतात मित्र ओळखीचा आहे म्हणून तिकडे गेलात तर परत पाठवतील. दिलेल्या प्रत्येक बाटची पावती मिळते, पावती नसलेले पैसे कुणालाही देऊ नका, कुणी 'मी आत करून देतो' म्हणत बाहेर भेटला तर मुळीच नाही.

अजून एक, ९० दिवसांचा रिपोर्ट आणि एक्सटेन्शन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिपोर्ट म्हणजे मी अजून याच पत्त्यावर राहतो एवढंच कळवायचं, फॉर्म टीएम ४७, फी नाही, ठरलेल्या तारखेच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत चालतं, उशीर झाला तर २,००० बाट दंड. पहिला रिपोर्ट स्वतः जाऊन करायचा, पुढचे ऑनलाइन होतात. त्या रिपोर्टच्या चिठ्ठीवर पुढची तारीख असते आणि लोकांना वाटतं आपली मुदत वाढली, तशी ती वाढत नाही.

नोकरी सोडायचं ठरवलं तर आधी ऑफिसात विचारून मग राजीनाम्याची तारीख ठरवा. नोकरीच्या जोरावर मिळालेली मुदत नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपते, स्टॅम्पवर सहा महिने पुढचं काहीही असलं तरी. त्यानंतर आवराआवरीसाठी १,९०० बाट भरून ७ दिवस मागता येतात, तेवढेच.

प्रश्न : मी निवृत्त आहे, वय ७१. चिआंग रायला मुलाकडे आलोय, व्हिसाशिवाय मिळालेली मुदत संपत आली. सुनेचं बाळंतपण आहे त्यामुळे अजून महिनाभर राहायचंय. मुलगा म्हणतो माए सायच्या पुलावर जाऊन परत येऊ, नवा स्टॅम्प मिळेल. करावं का?

काका, आधी नातवंडाबद्दल अभिनंदन! पण पुलावर जाऊ नका, ऑफिसात जा. टुरिस्ट म्हणून मिळालेली मुदत एकदा ३० दिवसांनी वाढवून मिळते, तोच टीएम ७ फॉर्म, तेच १,९०० बाट, सोबत मुलाच्या घराचा पत्ता, टीएम ३० ची पावती आणि परतीचं तिकीट ठेवा. एका खुर्चीवर बसून होणारं काम आहे, त्यासाठी या वयात दोन देशांच्या रांगा कशाला.

शिवाय माए सायचा पूल ओलांडला की म्यानमार, ताचिलेक. २०२१ च्या लष्करी सत्ताबदलानंतर तिकडची परिस्थिती इतकी बदलती आहे की नुसत्या स्टॅम्पसाठी मी तरी कुणाला पाठवणार नाही. काही लोक मग चिआंग खोंगला जातात, तिथून चौथा मैत्री पूल लाओसमध्ये हुआय सायला उतरतो, डिसेंबर २०१३ मध्ये सुरू झालेला, तो मार्ग नीट आहे पण तुम्हाला गरजच नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये थाई इमिग्रेशनने जाहीर केलंय की जे लोक नुसते बाहेर जाऊन परत येण्यावर राहतात त्यांना ते अडवणार. तुम्ही त्यातले नाही हे मला दिसतंय, पण खिडकीवरच्या माणसाला फक्त पासपोर्ट दिसतो.

माए सायचं ऑफिस चिआंग राय शहरापासून साठेक किलोमीटरवर आहे, आधी मुलाला फोन करून विचारू द्या की तुमचं काम शहरात होतं की वर जावं लागेल. पावसाळ्यात जाणार असाल तर रस्त्याचीही चौकशी करा, सप्टेंबर २०२४ मध्ये साय नदीच्या पुराने पुलाजवळचा सगळा बाजार गाळात गेला होता. मुदतीच्या शेवटच्या दिवशी जाऊ नका, आठवडाभर आधी जा. औषधं आणि पाण्याची बाटली जवळ ठेवा, रांग मोठी असेल तर काउंटरवर वय सांगा, थाई माणूस म्हाताऱ्यांचा मान राखतो, पुढे बसवतात.

प्रश्न : ताई, माझा व्हिसा अजून दोन महिने व्हॅलिड दिसतोय पण मित्र म्हणतो मी ओव्हरस्टे झालोय. स्टॅम्पवरची तारीख चार दिवसांपूर्वीची आहे. आता काय?

मित्र बरोबर बोलतोय रे. व्हिसावरची तारीख म्हणजे त्या दिवसापर्यंत तू थायलंडमध्ये शिरू शकतोस, किती राहायचं ते स्टॅम्प सांगतो. दंड दिवसाला ५०० बाट, जास्तीत जास्त २०,०००. आजच्या आज निघायची तयारी कर, विमानाने निघालास तर एअरपोर्टवर पासपोर्ट कंट्रोललाच दंड भरता येतो, रोख बाट ठेव, पावती घे.

महत्त्वाचं हे की तू स्वतःहून जाऊन दंड भरणं आणि पोलिसांनी पकडणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मार्च २०१६ पासून नियम असा आहे की स्वतःहून बाहेर पडलास आणि ओव्हरस्टे ९० दिवसांच्या आत असेल तर परत यायला बंदी नाही. पण पकडला गेलास तर ओव्हरस्टे चारच दिवसांचा असला तरी ५ वर्षं थायलंड बंद, वर्षाच्या वर असेल तर १० वर्षं. आणि सीमेकडच्या प्रांतांत हायवेवर चेकपोस्ट असतात, बस थांबवून पासपोर्ट बघतात, तेव्हा 'जाता जाता मित्राकडे दोन दिवस राहतो' असलं काही डोक्यात आणू नकोस.

प्रश्न : माझ्या मिस्टरांना नोंग खायला नोकरी आहे, मला डिपेंडंट म्हणून एक्सटेन्शन हवंय. ऑफिसने मॅरेज सर्टिफिकेट परत दिलं, म्हणाले नाव वेगळं आहे आणि शिक्के नाहीत. माझ्या पासपोर्टवर माहेरचं नाव आहे.

अहो, ही तर आपल्या मराठी बायकांची नेहमीची अडचण. आपल्या सर्टिफिकेटवर वधूचं लग्नाआधीचं नाव असतं, लग्नानंतरचं लिहिलेलं असेल तर तेही, मधलं नाव आधी वडिलांचं मग नवऱ्याचं, आणि थाई ऑफिसरसमोर ही दोन वेगळ्या बायकांची नावं असतात. त्याची काही चूक नाही, त्याच्याकडे अक्षर न् अक्षर जुळवायचं असतं. तुमच्या पासपोर्टवर माहेरचं नाव आहे हे एका अर्थी बरंच आहे, सर्टिफिकेटवर लग्नाआधीचं नाव तेच आणि तसंच आहे ना ते बघा. स्पेलिंगमध्ये एक अक्षर जरी इकडचं तिकडे असेल तर दुरुस्ती भारतातूनच करावी लागेल.

शिक्क्यांचं म्हणाल तर ते थायलंडमध्ये बसून होत नाही, सर्टिफिकेट भारतात पाठवा. तिथे राज्याचं आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अटेस्टेशन, त्यानंतर थाई दूतावास किंवा कॉन्सुलेटचा शिक्का, मुंबईत थाई कॉन्सुलेट आहे. मग ते इथे आलं की थाईमध्ये भाषांतर आणि थाई परराष्ट्र खात्याच्या कॉन्सुलर विभागाकडून ते प्रमाणित. भाषांतर झाल्यावर थाई अक्षरांत नवऱ्याचं नाव त्यांच्या वर्क परमिटवरच्या नावाशी आणि तुमचं नाव तुमच्या आधीच्या थाई कागदांशी जुळतंय का हे ओळखीच्या किंवा शेजारच्या कुणा थाई माणसाकडून वाचून घ्या, कारण एकच मराठी आडनाव थाईत चार प्रकारे लिहिता येतं आणि आपल्याला ते दिसत नाही. याला वेळ लागतो, तोवर तुमची मुदत संपत असेल तर ऑफिसात जाऊन आत्ताच सांगा, मार्ग तिथेच विचारा. आणि हे वाचणाऱ्या ज्या बायका अजून भारतातून निघायच्यात त्यांनी हे शिक्के निघायच्या आधी मारून घ्या, प्लीज.

प्रश्न : आरान्यप्रथेतहून रस्त्याने कंबोडियात अंगकोर वाट बघायला जायचंय.

रस्त्याने नको. जून २०२५ मध्ये थायलंड आणि कंबोडियाच्या वादात त्या सीमेवरची नाकी बंद झाली, जुलै आणि डिसेंबरमध्ये लढाईही झाली. विमानाने जा, आणि एक्सटेन्शनवर असाल तर वर लिहिलेलं री-एन्ट्री परमिट विमानाने जातानाही लागतंच.

प्रश्न : माझा मुलगा बीसीए झालाय, नागपूरला असतो. त्याला थायलंडमध्ये माए सोत इथे कस्टमर सपोर्टची नोकरी आलीय, पगार चांगला, तिकीट कंपनी देणार. एजंट म्हणतो टुरिस्ट म्हणून या, तिथल्या इमिग्रेशन ऑफिसात व्हिसा बदलून देतो. तुम्ही तिकडच्या आहात म्हणून विचारतोय, ऑफिसात असं होतं का?

भाऊ, मुलाला पाठवू नका. आधी हे वाक्य वाचा, मग बाकीचं.

माए सोत हे ताक प्रांतातलं गाव, मोएई नदीच्या काठावर. नदी म्हणजे सीमा, पावसाळा सोडला तर ठिकठिकाणी उथळ, आणि पलीकडे म्यानमारचं म्यावड्डी. त्या म्यावड्डीच्या आसपास केके पार्कसारखी सायबर फसवणुकीची मोठमोठी कंपाउंडं उभी राहिली, तिथे मुलांना कोंडून ऑनलाइन लोकांना लुबाडायला लावतात. पोरं तिथे पोचतात ती याच रस्त्याने, बँकॉकला विमानाने उतरायचं, टुरिस्टचा स्टॅम्प, मग गाडीतून पाचेकशे किलोमीटर माए सोत आणि रात्री नदीपार. नदी ओलांडताना पासपोर्टवर कसलाच स्टॅम्प पडत नाही. पलीकडे गेल्यावर पासपोर्ट काढून घेतात. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्येच इशारा दिला होता की थायलंडमधल्या नोकरीच्या नावाखाली आयटी शिकलेल्या मुलांना म्यानमारमध्ये नेतात. तरी मुलं जातच राहिली. १० मार्च २०२५ ला हवाई दलाच्या विमानाने माए सोतहून २८३ भारतीयांना परत आणलं. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये केके पार्कवर धाड पडली तेव्हा दीड हजारांवर लोक नदी ओलांडून माए सोतला पळून आले, त्यात पाचशेच्या आसपास आपले होते. नोव्हेंबरमध्ये पुन्हा विमानं पाठवावी लागली, ६ तारखेला २७० जण आणि १० तारखेला १९७.

आणि हे सुटून आलेले थाई बाजूला आल्यावर बेकायदा शिरलेले ठरतात, कारण त्यांच्या पासपोर्टवर परत आल्याची एन्ट्री नाही, पहिल्या स्टॅम्पची तारीख उलटून गेलेली, काहींकडे पासपोर्टच नाही. मग चौकशी, तस्करीचा बळी आहे की स्वतःहून गेला याची छाननी, ताब्यात राहणं, दूतावासाचे कागद. सुटका झाली तरी मुलगा त्या दिवशी घरी येत नाही.

आता तुमचा नेमका प्रश्न, ऑफिसात व्हिसा बदलून मिळतो का. काही बाबतीत थायलंडमध्ये असताना व्हिसाचा प्रकार बदलता येतो हे खरं आहे, एजंट त्याच अर्ध्या खऱ्यावर खेळतात. पण खरी कंपनी असेल तर ती मुलगा नागपूरला असतानाच नॉन-बी व्हिसासाठीचे कागद पाठवते, थाई कामगार खात्याचं पत्र, कंपनीची नोंदणी, करार, आणि तो घरी बसून थाई ई-व्हिसाला अर्ज करतो. वर इंजिनियर दादांना आणि गणिताच्या शिक्षिकेला उत्तर दिलंय ना, त्यांच्याकडे किती कागद आहेत बघा, खऱ्या नोकरीला एवढे कागद लागतातच. तुमच्या एजंटकडे यातला एक तरी आहे का विचारा. कंपनीचं नाव, तिचा थायलंडमधला नोंदणी क्रमांक, ऑफिसचा पत्ता, आणि एजंटचा स्वतःचा लायसन्स नंबर मागा, परदेशी नोकरीचे नोंदणीकृत एजंट भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतात. तो चिडेल, घाई करेल, म्हणेल दोन दिवसांत सीट जाईल. जाऊ दे.

मुलगा ऐकत नसेल तर त्याच्याशी भांडू नका, हा अंक त्याच्या हातात द्या आणि बँकॉकच्या भारतीय दूतावासाला त्या कंपनीचं नाव घालून ईमेल करायला त्यालाच बसवा, त्यांच्या वेबसाइटवर अशा नोकऱ्यांबद्दलचे इशारे त्याला स्वतःला वाचू देत. त्याने आधीच पासपोर्टची कॉपी, फोटो आणि पैसे एजंटला दिले असतील तर व्हॉट्सॲपवरचं सगळं बोलणं जपून ठेवा, डिलीट करू नका, आणि नागपूरच्या सायबर पोलिसांकडे उद्याच जा.